हरकत नाही

विद्यापीठाच्या मागं, बेगमपुऱ्यात, वरच्या मजल्यावर
दोन गाद्या, एक कूलर, पाणी चार दिवसाआड.
एक गादी माझी, वसमतहून बसच्या टपावर आलेली.
दुसरी अवद बावझीरची. तिच्यावर आधी
अकोल्याचा एक पोरगा झोपायचा.

घरमालक म्हणाले, परदेशी आहे, चालेल ना?
मी म्हणालो, हरकत नाही.
अवद हसला.
त्यांच्याकडं हरकत म्हणजे हालचाल.
मालक जिना उतरल्यावर म्हणाला,
"बरोबर बोललास. एवढ्याशा खोलीत हरकत नाहीच."

मग आम्हाला नादच लागला.
तो मधमाश्यांवर पीएच.डी. करत होता,
मी तिसऱ्यांदा स्पर्धा परीक्षा.
लाईट गेली की शब्द काढून बसायचो.
तारीख: माझ्याकडं कॅलेंडरचा एक चौकोन,
त्याच्याकडं अख्खा इतिहास.
तक्रार: मी अर्ज लिहितो,
तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो.
"एकच की," म्हणाला,
आणि नोंदणीच्या कागदासाठी
चौथ्यांदा पोलीस आयुक्तालयात निघाला.

गरीब मी सहज म्हणालो होतो.
भाकर, ठेचा, पातळ वरण पुढं ठेवून:
गरिबाघरचं जेवण, गोड मानून घे.
त्याचा घास थांबला.
"तुझं घर किती लांब?"
एसटीनं पाच तास.
"मग तू कसला गरीब?"
त्यांच्याकडं गरीब म्हणजे परका,
घरापासून तुटून लांब पडलेला.
ठेच्यानं दोघांचेही डोळे भरले होते
म्हणून काही लपवावं लागलं नाही.

फाल्गुनात त्याचे वडील गेले.
शिबामला, मातीच्या सात मजली घरात.
लढाई चालू, विमानतळ बंद.
कोण कुणाशी लढतंय
हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं.
फोन गादीवर पालथा ठेवून तो बसला.
आमच्यात अशा वेळी माणसं
गुडघ्याला गुडघा लावून नुसती बसतात.
बसलो.
पहाटे म्हणाला, "विमानतळावर हरकत नाही."
त्या दिवशी कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात त्याला गावी नेलं.
रानात हळद शिजत होती. वाफ, धूर,
कोपरापर्यंत पिवळे हात.
"लेकरू वाळून गेलंय की रे," माय म्हणाली,
"ह्याला आपलं कळतंय का?"
आणि उत्तराची वाट न बघता
दोन दिवस त्याच्याशी मराठीतच बोलत राहिली.

पेठेत सालम चाऊस पंक्चर काढत बसलेले.
त्यांचा पणजा निजामाच्या फौजेत
अरबस्तानातून आला, असं गाव म्हणतं.
तुमचे गाववाले आणलेत काका, मी म्हणालो.
दोघं कितीतरी वेळ हात धरून उभे.
काकांना सलामापुढं अरबी येईना,
अवदचं मराठी "बास" आणि "लई तिखट" एवढंच.
दोन अरबांच्या मधे दुभाषी
मी, हळदवाल्याचा पोरगा.
"इचार की त्येला," काका म्हणाले,
"तिकडं पाऊसपाणी कसं हाय?"

परतताना बांधावरची बोर दिसली.
तो थबकला. "सिद्र," म्हणाला.
वडिलांच्या मधाच्या पेट्या
ह्याच झाडांखाली असायच्या.
खोडाला हात लावून उभा राहिला.
माय लांबून ओरडली, "काटे हायती रं, बाबा!"
आणि हा, न वळता, मराठीत:
"कळलं."

पुढच्या पावसाळ्यात मी लायब्ररीत होतो
तेव्हा त्याचा मेसेज आला, देवनागरीत,
ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकवून:
"हरकत आहे. गुरुवारी निघतो."

गादी ठेवून गेला. तिच्यावर आता
सेलूचा एक पोरगा झोपतो.
मायसाठी मध पाठवीन म्हणाला होता.
अजून आला नाही.
दर फोनला माय विचारते,
त्या लेकराचा मध आला का, मध आला का.
मध साखरेच्या भावानं मिळतो वसमतला,
तिला मधाचं काही नाही.
तिची आपली तक्रार चालू असते,
त्याच्याकडच्या अर्थानं.